निखळलेल्या चाकाचे काय?

विमानाचे चाक निखळले तरी आतली माणसे सुखरूप उतरली, एवढे कळल्यावर त्या प्रकरणी बोलण्यासारखे काही उरत नाही असे मानणाऱ्या सज्जनांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे. आणि आमच्या शाहूवाडी तालुक्यात, जिथे विमान म्हणजे पावसाळी ढगांच्या वरून जाणारा एक आवाज, एवढाच बहुतेकांचा त्या वाहनाशी परिचय, तिथे ती अंमळ अधिकच असावी. मलकापुरातील अशाच एका सद्गृहस्थांनी मध्यंतरी चारचौघांत जे मत ठासून मांडले, त्याची तीन कलमे होती. नागपूरहून उडालेल्या ज्या छोट्या विमानाचे चाक गळून पडले होते, त्यातील माणसे वाचली ती निव्वळ ईश्वरी कृपेने आणि वैमानिकाच्या अलौकिक धैर्याने, हे पहिले. सारे वाचले असता चौकशा, अहवाल आणि ताशेरे यांचा पसारा मांडणे म्हणजे रिकामे कागदी घोडे नाचवणे, हे दुसरे. आणि खासगी छोटी विमाने हा मुळी धनिकांचा षोक असल्यामुळे त्यांच्या चाकांची चिकित्सा डोंगरी तालुक्यातल्या माणसाने करण्याचे प्रयोजन नाही, हे तिसरे. हे गृहस्थ बहुश्रुत आहेत, त्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, आणि त्यांचे म्हणणे त्यांचे एकट्याचे नाही. वृत्तपत्रांनी आणि वृत्तवाहिन्यांनी त्या वेळी जे लिहिले व दाखवले त्याचेच ते घट्ट झालेले सार आहे. म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे अगत्याचे वाटते.

प्रथम मूळ घटना क्रमाने सांगितली पाहिजे, कारण चमत्काराच्या कथेत क्रमाला सहसा थारा नसतो. 6 मे 2021 चा तो दिवस. करोनाच्या दुसऱ्या लाटेने देश हवालदिल झालेला, इस्पितळांत खाटा मिळेनात, आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात रुग्ण हलवण्यासाठी हवाई रुग्णवाहिकांना कधी नव्हे इतकी मागणी. अशीच एक रुग्णवाहिका, बीचक्राफ्ट कंपनीचे सी-90 जातीचे, दोन टर्बोप्रॉप एंजिनांचे छोटे विमान, एक रुग्ण, त्याचा नातलग, एक वैद्यकीय सेवक आणि दोन वैमानिक अशा पाच जणांना घेऊन नागपूरच्या धावपट्टीवरून उडाली. आणि उडता उडता तिचे एक चाक सुटून जमिनीवरच राहिले. ते सुटताना केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका पहाऱ्यावरील जवानाने पाहिले आणि तत्काळ वर्दी दिली. नियंत्रण कक्षाकडून ती वैमानिकांपर्यंत पोहोचली. विमान मुंबईकडे वळवण्यात आले. मुंबईत संपूर्ण आणीबाणीची तजवीज झाली, धावपट्टीवर अग्निशामक फेस पसरण्यात आला, आणि रात्री नऊच्या सुमारास कॅप्टन केसरी सिंग यांनी चाके खाली न काढताच विमान पोटावर उतरवले. पाचही जण सुखरूप बाहेर पडले. तत्कालीन नागरी विमान वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी वैमानिकाच्या प्रसंगावधानाची जाहीर प्रशंसा केली, आणि ती सर्वथा योग्यच होती.

आता या हकीकतीत ईश्वरी हस्तक्षेपाला जागा कोठे आहे ते पाहू. या जातीच्या विमानाला नाकाखाली एक आणि दोन्ही पंखांखाली एकेक असे तीन पाय असतात, आणि पंखाखालच्या प्रत्येक पायाला एकच चाक असते. मोठ्या प्रवासी विमानात एका पायाला दोन किंवा चार चाके असल्याने त्यांतले एखादे गेले तर उरलेली भार सोसतात; येथे मात्र एक गेले की त्या बाजूला नुसता धातूचा दांडा उरतो. सामान्य माणसाला वाटेल, दोन चाके तर शाबूत आहेत, त्यांवर उतरावे आणि तिसऱ्या पायाचे काय होईल ते होवो. प्रत्यक्षात हाच मार्ग अधिक घातक, कारण वेगाने धावणाऱ्या विमानाचा एक पाय जमिनीत रुतला आणि दुसरा मोकळा फिरत राहिला, तर विमान रुतलेल्या बाजूला गरकन वळते, पंख जमिनीला लागतो, आणि ज्या पंखात इंधन भरलेले असते तोच फाटण्याची वेळ येते. याउलट तिन्ही पाय पोटात ठेवून, धावपट्टीच्या मध्यरेषेवर, पंख समतल राखून, शक्य तितक्या मंद वेगाने विमान टेकवले, तर त्याचे पोट सर्व बाजूंनी सारखे घासले जाते आणि ते बऱ्याच अंशी सरळच घसरत जाते. हाती असलेली दोन धडधाकट चाके न वापरण्याचा हा निर्णय बाहेरून अविचारी दिसतो. वास्तविक तो गणिताचा निर्णय आहे.

आणि हे गणित त्या रात्री प्रथमच कोणी मांडले असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात जगभर वापरले गेलेले आणि पुढे आपल्याकडेही दीर्घकाळ उडालेले डकोटा विमान ज्यांनी पाहिले असेल, त्यांना आठवेल की त्याची चाके आत ओढून घेतल्यावरही अर्धीअधिक बाहेर डोकावत; चाके खाली आलीच नाहीत तर निदान त्या बाहेर राहिलेल्या भागावर विमान टेकावे, ही सोय त्यामुळे आपोआप साधली होती. ज्यांची चाके आत जातात अशा विमानांच्या उड्डाणपुस्तिकेत, ती बाहेर न आल्यास काय करावे याचे स्वतंत्र प्रकरण असते: इंधन किती उरू द्यावे, एंजिने कधी बंद करावीत, दार कधी मोकळे करावे, प्रवाशांना कसे बसवावे. चमत्काराची कार्यपद्धती आगाऊ छापून ठेवलेली नसते. छोट्या विमानांच्या पोटावर उतरण्याच्या घटना जगात वर्षानुवर्षे घडत आल्या आहेत. त्यांत पाती वाकतात, एंजिने निकामी होतात, पोटाचा पत्रा सोलून निघतो, विमा कंपनीचे डोके दुखते. माणूस दगावतो तो क्वचित. ज्या प्रसंगातून माणसे बहुधा वाचतात, त्या प्रसंगातून माणसे वाचली, तर त्याबद्दल समाधान मानावे, अचंबा कशासाठी?

आपल्या समाजाला विमानाच्या बाबतीत चमत्काराची जरा जास्तच भूक आहे, हे या निमित्ताने नमूद करण्यास हरकत नसावी. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली गिरगावच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा समकालीन पुराव्याचे पाठबळ नसताना आपण पिढ्यानुपिढ्या सांगत आलो. ज्या वैमानिक शास्त्राच्या ग्रंथाचा तिच्या समर्थनार्थ हवाला देण्यात येतो, त्यातील विमाने उडण्यास असमर्थ आहेत असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 साली दाखवून दिल्यावरही तिचा दिमाख ओसरला नाही. तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी मला आदर आहे. पण आख्यायिका ऐकण्याची सवय लागलेला कान नोंदवही ऐकायला तयार होत नाही.

वैमानिकाच्या धैर्याचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे माझे प्रतिपक्षी मला कृतघ्न ठरवू शकतात. कॅप्टन सिंग यांचे श्रेय मी तिळमात्र कमी करू इच्छित नाही. मात्र ते श्रेय कशाचे आहे, याविषयी मतभेद आहे. एक पाय निकामी झाल्याचे कळूनही विमान जवळच्या जवळ उतरवण्याची घाई न करता, जिथे साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीची धावपट्टी आहे, अग्निशामक दल सुसज्ज आहे आणि इस्पितळे हाकेच्या अंतरावर आहेत अशा ठिकाणी जाणे, वाटेत इंधनाचा भार हलका होऊ देणे, आणि अखेरच्या क्षणी हात न थरथरू देता पुस्तिकेबरहुकूम वागणे, हे शिस्तीचे आणि अभ्यासाचे काम आहे. त्याला वीरश्रीचे रूप देणे म्हणजे त्या माणसाने वर्षानुवर्षे गिरवलेल्या सरावाला एका रात्रीच्या आवेशाच्या मोलाने विकणे होय. आणि धैर्याचाच गौरव करायचा, तर ज्याच्या दृष्टीस ते चाक पडले त्या जवानाच्या वाट्याला त्या गौरवाची कितीशी ओळ आली? त्याने पाहिले नसते, किंवा पाहून ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून मान वळवली असती, तर वैमानिकांच्या दृष्टीने ते विमान तीन चाकांचेच राहिले असते आणि त्यांनी ते नेहमीप्रमाणे तीन चाकांवर उतरवू पाहिले असते. जमिनीवरच्या पहाऱ्याचे काम नेकीने करणारा माणूस कथानायक होत नाही, कारण त्याला विमान चालवता येत नाही, एवढेच.

वैमानिकाला वीर ठरवून मोकळे होण्याची सवय किती महाग पडू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पोलंडमधले आहे. 1 नोव्हेंबर 2011 रोजी अमेरिकेतील नेवार्कहून वॉर्साला आलेले पोलिश कंपनीचे बोइंग 767 विमान, 231 माणसांसह, कॅप्टन तादेउश व्रोना यांनी पोटावर उतरवले. कोणालाही गंभीर इजा झाली नाही. व्रोना राष्ट्रवीर झाले, राष्ट्राध्यक्षांनी त्यांना सन्मानचिन्ह दिले, आणि सर्व जगाने टाळ्या वाजवल्या. हे विमान पुढे यंत्राने उचलून त्याच्या वीजमंडलाची तपासणी केली असता असे आढळले की वैमानिकांच्या कक्षातच, जमिनीलगतच्या एका फळीवर, एक सर्किट ब्रेकर सुटून बाहेर आलेला होता. तो आत दाबताच चाके पर्यायी यंत्रणेने निमूटपणे खाली आली. व्रोना यांची उतरण्याची कुशलता खोटी नव्हती; परंतु ती दाखवण्याचा प्रसंग एका बोटाने टळण्यासारखा होता, आणि हे कळले ते टाळ्या थांबल्यानंतर कोणीतरी फळीजवळ वाकून पाहिले म्हणून. आमच्या सद्गृहस्थांच्या न्यायाने पाहायचे तर सारे वाचले असता वाकून पाहण्याची गरजच नव्हती. मग तो ब्रेकर पुढच्या विमानात, पुढच्या वैमानिकाच्या पायाशी, तसाच सुटलेला राहिला असता.

चाके आणि मृत्यू यांचा संबंध तपासू गेल्यास दिसते ते आणखीच विलक्षण आहे. 29 डिसेंबर 1972 रोजी मायामीनजीक ईस्टर्न एअरलाइन्सचे 401 क्रमांकाचे विमान दलदलीत कोसळून 101 माणसे मेली. त्या विमानाची चाके खाली आलेली होती, जागच्या जागी बसलेली होती; फक्त पुढचे चाक बसल्याची खूण देणारा एक छोटा दिवा जळून गेला होता. सारे वैमानिक त्या दिव्यात गुंतले, आणि स्वयंचलित यंत्रणेने उंची सोडून दिली आहे याकडे कोणाचेच लक्ष राहिले नाही. 28 डिसेंबर 1978 रोजी पोर्टलंड शहरात युनायटेड कंपनीच्या विमानातही चाकांविषयी शंका आली. कप्तान तिची शहानिशा करीत आकाशात घिरट्या घालीत राहिला, सहकारी इंधनाविषयी चाचरत सूचना करीत राहिले, आणि अखेर इंधन संपून विमान उपनगरात पडले. दहा माणसे दगावली. चाके तेथेही खाली आलेलीच होती. याच अपघातानंतर कप्तानाला शंका विचारण्याचे आणि त्याने ती ऐकण्याचे पद्धतशीर शिक्षण जगभरच्या वैमानिकांना देण्यास आरंभ झाला. आणि आपल्या शेजारच्या कराचीत 22 मे 2020 रोजी, म्हणजे नागपूरच्या घटनेच्या अवघे वर्षभर आधी, पाकिस्तान इंटरनॅशनलचे एअरबस विमान चाके आत असतानाच धावपट्टीला टेकले, एंजिने घासून निघाली, आणि वैमानिकांनी तेथेच थांबण्याऐवजी ते पुन्हा उचलले. काही मिनिटांत दोन्ही एंजिने बंद पडून ते वस्तीवर कोसळले आणि आतल्या 99 पैकी 97 जण ठार झाले. त्या विमानाच्या चाकांत काही बिघाड नव्हता. नागपूरच्या विमानाचे चाक खरोखर गेले आणि पाचही वाचले. कराचीच्या विमानाची चाके निर्दोष होती आणि सत्त्याण्णव गेले. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की यंत्राचा दगा आणि दैवाची कृपा या दोन्ही कल्पना एकदम निरुपयोगी होतात. माणसे वाचली किंवा मेली ती कार्यपद्धती पाळण्या-न-पाळण्यामुळे.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. चाके आत ओढण्याचा हा उपद्व्याप करायचाच कशाला, असा प्रश्न ग्रामीण व्यवहारज्ञानाला साहजिकच पडतो. बैलगाडीची चाके कोणी प्रवासात काढून ठेवत नाही. उत्तर वेगात आहे. बाहेर लोंबणारे चाक हवेला अडवते आणि वेग जसजसा वाढतो तसतसा हा अडथळा अधिकच वेगाने वाढत जातो. म्हणून 1920 सालीच एका अमेरिकन शर्यतीच्या विमानात चाके आत घेण्याची युक्ती अवलंबिली गेली. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला आणलेल्या पस मॉथ विमानाची चाके मात्र कायम बाहेरच होती, आणि आजही शिकाऊ वैमानिकांची बहुतेक विमाने त्याच जातीची असतात. चाके आत घेणाऱ्या छोट्या विमानांचा खरा शत्रू बिघाड नसून विस्मरण आहे: वैमानिक चाके खाली काढायलाच विसरतो, भोंगा वाजत असतो तो त्याला ऐकू येत नाही, आणि पात्यांचा खणखणाट झाल्यावर त्याला शुद्ध येते. हे टाळण्यासाठी पायपर कंपनीने आपल्या ॲरो विमानात वेग मंदावताच चाके आपोआप खाली सोडणारी योजना केली होती. पुढे त्या योजनेचेच तंटे न्यायालयात गेले आणि ती निष्क्रिय करण्याचा सल्ला खुद्द कंपनीला द्यावा लागला. सिरस कंपनीने हा सर्व इतिहास पाहून आपल्या वेगवान छोट्या विमानाची चाके सरळ बाहेरच ठेवली, त्यांवर सुबक आवरण चढवले, आणि विक्रीत कित्येकांना मागे टाकले. माणसाच्या विसराळूपणावर यंत्राची मात्रा चालतेच असे नाही. कधी कधी विसरण्याजोगी वस्तूच काढून टाकणे शहाणपणाचे ठरते.

फेसाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण फेसाच्या गालिच्याने पाच जीव वाचवले अशा आशयाचे मथळे तेव्हा झळकले होते. धावपट्टीवर फेस अंथरल्याने ठिणग्या दबतात आणि घर्षण कमी होते, अशी एके काळी सर्वत्र समजूत होती. अनुभवाने ती डळमळीत झाली. फेस पसरण्यास वेळ लागतो, तोवर तो विरू लागतो. विमान नेमके त्याच पट्ट्यावर टेकेल याची शाश्वती नसते. आणि मुख्य म्हणजे खरोखर आग लागली तर जो फेस बंबात हवा, तो आधीच जमिनीवर ओतून संपलेला असतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ही शिफारस 1980 च्या दशकातच मागे घेतली. मुंबईच्या अग्निशामक दलाने त्या रात्री जे केले ते सावधगिरीच्या बुद्धीने केले आणि त्यांना दूषण देण्याचा माझा हेतू नाही. पण डोळ्यांना भव्य दिसते ते प्राणरक्षक असतेच असे गृहीत धरण्याची खोड मात्र या मथळ्यांत स्पष्ट दिसते.

आता दुसऱ्या कलमाकडे वळू, जे माझ्या मते सर्वांत अपायकारक आहे. सारे वाचले, मग चौकशी कशाला? आंबा घाट उतरताना एखाद्या एस.टी.चे ब्रेक गेले, आणि चालकाने प्रसंगावधान राखून ती डोंगराच्या अंगाला घासत उभी केली, तर प्रवासी त्याला हार घालतील हे उचितच. पण त्या गाडीला सकाळी डेपोतून बाहेर काढताना तपासणीच्या कागदावर कोणी सही केली हे विचारणाऱ्याला आपण मत्सरी म्हणत नाही. मग विमानाच्या बाबतीत ही विचारणा अशिष्ट का ठरावी? विमानाचे चाक हवेच्या लहरीने गळत नसते. ते आसाभोवती बेअरिंगवर फिरते, त्या बेअरिंगला ठरलेल्या मुदतीने साफ करून ग्रीस भरावे लागते. चाक जागी धरणारा नट ठरलेल्या ताकदीनेच आवळावा लागतो, कमी आवळला तर चाक डगमगते आणि जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळते. आणि तो नट आपोआप सैल होऊ नये म्हणून त्यात पिन घालून ती दुमडावी लागते. टायर बदलला की हे सारे पुन्हा करावे लागते, आणि केल्याची नोंद परवानाधारक अभियंत्याच्या सहीने दप्तरी ठेवावी लागते. चाकांत वा आसांत थकव्याच्या बारीक चिरा पडतात त्या डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून त्यांची वेगळी परीक्षा असते. याचा अर्थ असा की गळलेल्या प्रत्येक चाकामागे कोणत्या तरी कार्यशाळेतला एक दिवस, एक पाना आणि एक सही असते. तो दिवस शोधून काढणे म्हणजे चौकशी.

आणि चौकशीचा धसका घेणाऱ्यांना हे ठाऊक नसते की आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टाने, ज्याला भारतही बांधील आहे, अपघाताच्या अन्वेषणाचा हेतू दोष वाटणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. आपल्याकडे या कामासाठी 2012 साली विमान अपघात अन्वेषण विभाग स्थापन झाला. त्यापूर्वी जे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय नियम करी आणि परवाने देई, त्याच्याच अखत्यारीत अपघातांचे अन्वेषणही असे, म्हणजे फिर्यादीतच ज्याचे नाव येऊ शकते त्यानेच इन्साफ करावा असा शिरस्ता होता. हा विभाग आपले अहवाल इंग्रजीत प्रसिद्ध करतो, कोणालाही ते वाचता येतात, आणि मराठी वृत्तपत्रे त्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. अपघाताच्या रात्री चार रकाने, अहवालाच्या दिवशी चार ओळीही नाहीत. नंतरच्या काळाने हे दुर्लक्ष निर्दोष ठरवले असते तर मी गप्प बसलो असतो. पण 9 ऑगस्ट 2025 रोजी बारामतीच्या धावपट्टीवर एका प्रशिक्षण विमानाचे पुढचे चाक उतरताना निखळले आणि विमान गवतात घसरले. आणि त्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच, 12 सप्टेंबरला, कांडल्याहून मुंबईला निघालेल्या एका प्रवासी विमानाचे बाहेरचे चाक कांडल्याच्या धावपट्टीवरच राहिले. दोन्ही वेळा माणसे वाचली. दोन्ही वेळा तीच वाक्ये छापली गेली. तीन वेळा दैव धावून आले असे मानायचे असेल तर मानावे. मला मात्र तीन वेळा चाक का गेले, हा प्रश्न अधिक रास्त वाटतो.

येथे उलट टोकाचा आक्षेपही खोडून ठेवतो, कारण तोही कानावर येतो. काही जण म्हणतात, कोणाला तरी जबर शिक्षा झाल्याखेरीज सुधारणा होणार नाही, एखाद्या मेकॅनिकला गजाआड टाका. मुद्दाम केलेल्या खोट्या नोंदीला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु चूक कबूल करणारा प्रत्येक कारागीर फौजदारीत जाणार असेल तर पुढची चूक कोणीच कबूल करणार नाही, आणि सैल राहिलेला नट सैलच उडेल. भक्ती आणि सूड या दोन्ही वृत्तींचे एका बाबतीत साम्य आहे: दोघींनाही अहवाल वाचण्याचा कंटाळा असतो.

राहिले तिसरे कलम: डोंगरी तालुक्याला छोट्या विमानाचे काय. हे ऐकून खेद वाटतो तो यासाठी की ज्या कोल्हापूर संस्थानात 1930 च्या दशकाच्या अखेरीस, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ उभा राहिला, त्याच मुलखात आज विमान म्हणजे परक्याची वस्तू मानली जाते. मोठी प्रवासी विमाने महानगरांना जोडतात; त्यांना शाहूवाडीशी कर्तव्य नाही. छोट्या विमानाचे तसे नाही. पावसाळ्यात गजापूर-विशाळगडाच्या अंगाला एखाद्या वाडीवर माणूस अत्यवस्थ झाला, तर त्याला आधी मलकापूर, मग चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचे कोल्हापूर, आणि तेथेही न भागल्यास पुणे किंवा मुंबई, असा टप्प्याटप्प्याने वेळ जाळणारा प्रवास करावा लागतो. यातला शेवटचा आणि सर्वांत लांबचा टप्पा मिनिटांवर आणू शकते ते याच जातीचे विमान, जे दोन किलोमीटरच्या आतबाहेरच्या धावपट्टीवर सहज उतरते. ते आज सामान्याच्या आवाक्यात नाही, हे मान्य. पण उद्या विमा किंवा सरकारी योजना त्याचा खर्च सोसू लागली तर त्यातून जाणारा माणूस स्ट्रेचरवर बांधलेला असेल, त्याला चाकाची नोंदवही मागता येणार नाही. ती आधीच कोणीतरी मागून ठेवलेली असली पाहिजे. नागपूरच्या त्या विमानातही षोकीन धनिक बसला नव्हता. आजाऱ्याला घेऊन निघालेला नातलग बसला होता.

शिवाय विमानात बसणारा एवढाच माणूस विमानाशी संबंधित असतो असे नाही. बारामती, धुळे, गोंदिया येथील प्रशिक्षण संस्थांत शिकणारी मुले-मुली धनिकांचीच असतात, हा समज ज्यांनी एकदा तरी अशा संस्थेच्या शुल्काची पावती आणि त्यामागचे बँकेचे कर्जपत्र पाहिले आहे, ते करून घेणार नाहीत. जमीन तारण ठेवून वैमानिक होऊ पाहणारी मुले महाराष्ट्रात आहेत, आणि ती ज्या विमानात एकटीने उडायला शिकतात त्या विमानाचे चाक कोणी, कधी बसवले हे विचारण्याचा अधिकार त्यांच्या आईबापांना आहे. 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात एक सेसना विमान कोसळून शिकाऊ तरुणी जखमी झाली, तेव्हा पहिल्यांदा धावून गेले ते शेतातले लोक. विमान शेतकऱ्याच्या बांधात पडू शकते, तर शेतकऱ्याने त्याच्या चाकाविषयी, त्याच्या एंजिनाविषयी आणि त्याच्या नोंदवहीविषयी विचारू नये, हे कोणत्या न्यायाने?

आमच्या सद्गृहस्थांनी हा लेख वाचल्यास ते बहुधा म्हणतील की हा माणूस पाच जीव वाचल्याच्या आनंदात मिठाचा खडा टाकतो. आनंद त्यांनी खुशाल करावा. पण त्यांच्याच ओसरीवर येणारे वृत्तपत्र त्यांनी पुढच्या वेळी हाती घेतले, आणि त्यात पुन्हा एखादे चाक निखळल्याची, फेस पसरल्याची आणि वैमानिकाचा जयजयकार झाल्याची बातमी आली, तर संपादकाला एक पोस्टकार्ड टाकावे: ते चाक शेवटचे कधी काढले होते, कोणत्या कार्यशाळेत, आणि ते परत बसवल्यावर खाली सही कोणाची होती, एवढे तीन प्रश्न. पत्ता वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी छापलेला असतो.